पहाटे पाचचा गजर आधी बंद करा : स्वतःची काळजी घेताना नोकरदार आयांच्या हातून होणाऱ्या चुका

‘मला स्वतःसाठी वेळच मिळत नाही’ असं नोकरी करणाऱ्या आईने म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो : तासभर लवकर ऊठ. हा सल्ला देणारे बहुतेक जण रात्री अकरा वाजता ओट्यापाशी उभे नसतात. दुसरा सल्ला पार्लरचा, तिसरा योगवर्गाचा. तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. आधीच ठासून भरलेल्या दिवसात आणखी एक काम घुसतं, आणि तेही तिनेच करायचं असतं. मग जानेवारीत लावलेला योगवर्ग फेब्रुवारीत सुटतो आणि सुटल्याचा ठपका पुन्हा तिच्यावरच येतो.

म्हणून क्रम बदलायला हवा. आधी दिवसातलं काहीतरी कमी करायचं, मग जे जोडायचं ते जोडायचं. खालच्या बऱ्याच चुका हा क्रम उलटा झाल्याने होतात. काही चुका मात्र तब्येतीच्या आहेत आणि त्यांना थांबायला वेळ नसतो, त्यांच्यावर जरा जास्त लिहिलं आहे.

झोप मोडून वेळ काढणं

बदलापूरहून मुंबईत किंवा हडपसरहून हिंजवडीत कामाला जाणाऱ्या बाईचा दिवस मांडून बघा. पावणेपाचला उठून डबे, मुलाची तयारी, पाळणाघर किंवा शाळेची बस, मग प्रवास. संध्याकाळी परत येऊन जेवणं, अभ्यास, ओटा आवरणं, उद्याची भाजी निवडणं. पाठ टेकायला साडेअकरा-बारा होतात. झोप झाली पाच तास. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास लागतात आणि रोजची दोन तासांची तूट रविवारी दुपारी आडवं होऊन भरून निघत नाही. मुलावर उगाच आवाज चढणं, कागदावरचा आकडा दोनदा वाचूनही न कळणं, दुपारी चारला गोडावर हात जाणं, यातलं बरंच काही या तुटीतून येतं. त्यात आणखी अर्धा तास ध्यानाला काढला तर ध्यानात फक्त डुलकी लागते.

उपाय उलट मोजण्याचा आहे. पाचला उठणं टळणारच नसेल तर दहाला दिवे बंद व्हायला हवेत, म्हणजे साडेनऊला स्वयंपाकघर बंद. त्यानंतर जे राहिलं ते राहिलं, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. आठवड्याच्या डब्यांचं वेळापत्रक एकदाच लिहून फ्रीजवर लावलं की सोमवारी मटकी, मंगळवारी दुधी हा रोजचा विचार संपतो. रात्री वेळ जातो तो भाजी चिरण्यात कमी आणि ‘उद्या काय करू’ यातच जास्त.

आता मोबाइलचं बघू. रात्री बारापर्यंत रील बघणाऱ्या आईला ‘फोन ठेव आणि झोप’ म्हणून काही होत नाही. दिवसभरात तो एकच तास असा असतो की तिला कुणी हाक मारत नाही, ती तो का सोडेल? तो तास संध्याकाळी मिळाला तर रात्रीचा आपोआप सुटतो. घरी आल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं चहा घेऊन गॅलरीत बसायचं, त्या वेळात मूल बाबाकडे किंवा आजीकडे, असं ठरवून पाहा. तो चहा मात्र सहाच्या आत घ्या. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

मूल अगदी लहान असेल तर सलग सात तास हे स्वप्नच. तिथे पाळी लावायची. आई नऊ ते एक-दीड अखंड झोपेल, त्या वेळात उठून बाळाकडे बघणं बाबाचं. काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने पाजता येतं. ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये खोलीचा भरवसा धरू नका, लगेच फ्रीजमध्येच ठेवा. ऑफिसात काढलेलं दूध बर्फाच्या पॅकसह जाड अस्तराच्या पिशवीतून घरी नेता येतं.

यादी तशीच ठेवून तिच्यात भर घालणं

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरात काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात गेली, पुरुषांची ८८ मिनिटं. ही सरासरीही घरकाम करणाऱ्यांचीच आहे. जे पुरुष त्या दिवशी काडीही हलवत नाहीत ते या ८८ मिनिटांत धरलेलेच नाहीत. जवळपास पाच तासांच्या या ढिगाला हात न लावता वरून ‘स्वतःसाठी अर्धा तास’ ठेवायचा म्हटलं तर तो टिकणार कसा?

एक आठवडा सगळी कामं लिहून काढा. नुसती हाताची नाहीत, डोक्यातलीही : गॅस सिलिंडर नोंदवणं, लसीची तारीख, शाळेचा पांढऱ्या शर्टाचा दिवस, नणंदेच्या मुलीचं बारसं, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात हे लक्षात ठेवणं. यादी झाली की तीन कामं पूर्णपणे काढून टाका. कमी वेळात उरकायची म्हणून नव्हे, करायचीच नाहीत म्हणून. उदाहरणार्थ, घरातल्या कपड्यांची इस्त्री, रोजच्या दोन भाज्या, पाहुणे आल्यावर तीन पदार्थ, दिवाळीच्या फराळातले सगळे जिन्नस घरीच. घरचा चिवडा-लाडू आणि विकतची चकली-करंजी अशी दिवाळी झाली म्हणून लक्ष्मी रुसत नाही. बचत गटातल्या बायका उत्तम अनारसे करून देतात, त्यांनाही चार पैसे मिळतात.

परवडत असेल तिथे पैसे आधी रोजच्या कामासाठी वापरा. महिन्याकाठी एका फेशियलला जातात तेवढ्यात कित्येक ठिकाणी पोळ्यांच्या मावशींच्या पगाराचा चांगला भाग निघतो. फेशियलबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तासाभराच्या आरामानंतर घरी येऊन तीस पोळ्या लाटायच्या असतील तर तो आराम जिना चढेपर्यंतच पुरतो.

काम द्यायचं, पण त्याची आठवण स्वतःकडेच ठेवायची

‘सांगितलं की करतो हो, पण सांगावं लागतं.’ लोकलच्या लेडीज डब्यात कुठल्याही दिवशी हे वाक्य ऐकू येतं. म्हणजे दूध आणणं त्याचं, पण दूध संपलंय हे कळणं तिचं. हाताचं काम हलकं झालं तरी डोकं तसंच भरलेलं राहतं.

म्हणून काम द्यायचं ते अथपासून इतिपर्यंत. ‘लसीला जरा घेऊन जा’ असं नाही. लसीची तारीख लक्षात ठेवणं, वेळ घेणं, फाइल शोधणं, रजा टाकणं, रात्री ताप आला तर औषध देणं, सगळं एकाकडे. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये तुमच्याऐवजी बाबाचा नंबर द्या. शाळा तरीही तुम्हालाच फोन करेल, तेव्हा ‘मुलाच्या बाबांना करा’ एवढं सांगून फोन ठेवा. शाळांना या गोष्टीची सवय लागायला वेळ लागतो.

हे करताना नेहमी तीन ठिकाणी गाडी अडते.

तो नीट करत नाही. डब्यात पोळीभाजीऐवजी ब्रेड-जॅम गेला, केसांची वेणी वाकडी झाली. थोडे दिवस तसंच चालू द्या आणि मागून जाऊन सुधारू नका. भांडी पुन्हा घासलीत की समोरच्याला कळतं, आपण नाही केलं तरी चालतं. मुलाच्या तब्येतीला किंवा सुरक्षिततेला धक्का लागत असेल तरच मध्ये पडा, वाकड्या वेणीसाठी नाही.

सासूबाईंना लेकाने ओटा पुसलेला बघवत नाही. हे बोलणं सुनेने करू नये, लेकाने करावं. ‘आई, हे माझं काम आहे, तिने सांगितलं म्हणून करत नाहीये’ हे त्याच्या तोंडून गेलं की निम्मा ताण तिथेच मिटतो. तो हे बोलायला तयार नसेल तर अडचण सासूबाईंची नाहीच.

तिसरी अडचण कमी बोलली जाते. सगळा भार हळूच आजीवर जातो. साठी उलटलेली, गुडघे दुखणारी बाई दिवसभर दोन वर्षांच्या मुलामागे धावते, आणि आपण समजतो की घरात कामाची वाटणी झाली. आजीलाही आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी हवी, तिचं भजनी मंडळ, तिच्या मैत्रिणी, तिची दुपारची झोप. घराजवळचं अर्धवेळ पाळणाघर यासाठीही उपयोगी पडतं.

एकटीने मूल वाढवणाऱ्या किंवा नवरा परगावी असलेल्या आईसाठी ही वाटणी कागदावरच राहते. तिने निदान दोन माणसं पक्की करावीत, मूल ओळखतं आणि शाळेच्या कार्डावर ज्यांची नावं आहेत अशी. त्याच शाळेतली दुसरी आई बहुतेक वेळा सगळ्यात भरवशाची निघते, कारण तिचीही गरज तीच असते. एक दिवस तुम्ही दोन्ही मुलं आणायची, एक दिवस तिने.

‘थकवा काय, चालायचंच’

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्ताची कमतरता आढळली. देशाचा आकडा ५७ टक्के आहे. म्हणजे ‘माझं जरा वेळापत्रक चुकतंय’ असं समजून चालणाऱ्या कितीतरी जणींचं खरं तर हिमोग्लोबिन कमी असतं.

खुणा ओळखा. स्टेशनचा पूल चढताना धाप लागणं, छातीत धडधड, केस पुंजक्याने गळणं, बर्फ किंवा खडू-माती खावीशी वाटणं, रात्री पायांत चुळबुळ होऊन झोप न येणं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ती रक्तक्षयाची पायरी. सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी आहे, तीत हिमोग्लोबिन कळतं, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सरकारी रुग्णालयातही होते. डॉक्टरांना विचारून सोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइडची टीएसएच तपासणी आणि बी-१२ जीवनसत्त्व बघून घ्या. शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइड बिघडू शकतो आणि त्याचा थकवा, केस गळणं, वजनातला बदल हे सगळं ‘बाळंतपणामुळे’ या एका शब्दाखाली झाकलं जातं.

मग लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि तिथेही चुका होतात. सकाळच्या चहाबरोबर गोळी घेतली जाते. चहातली टॅनिन लोह शोषू देत नाहीत, त्यामुळे गोळी आणि चहा-कॉफी यांत निदान एक तासाचं अंतर हवं. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नये. लिंबूपाणी किंवा आवळ्यासोबत घेतली तर चांगलं. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून कितीतरी जणी गोळ्या बंद करतात. तो रंग लोहाचाच असतो. बद्धकोष्ठ होत असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून किंवा एक दिवसाआड देता येते. आणि हिमोग्लोबिन वर आलं की लगेच थांबायचं नाही, शरीरातला साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात.

हळिवाचे लाडू, खजूर, पालेभाजी जरूर खा. पण हिमोग्लोबिन आठ असताना लाडवांवर विसंबणं म्हणजे दिवस वाया घालवणं. लोखंडी कढईत भाजी आणि वर लिंबू, एवढं मात्र रोज करण्यासारखं आहे.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांची चूकही चहाचीच. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास काही नाही. लोह किंवा कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी.

रक्त कमी होण्याचं मूळ कित्येकदा पाळीत असतं, आणि तेही ‘आमच्याकडे सगळ्यांना असंच’ म्हणून सोडून दिलं जातं. सात दिवसांपेक्षा जास्त चालणारी पाळी, तासा-दोन तासाला बदलावं लागणारं पॅड, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी, यातलं काहीही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. तिशी ओलांडली असेल तर सरकारी केंद्रात गर्भाशयमुख, स्तन आणि तोंडाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी होते, तीही याच फेरीत करून घ्या. राज्य सरकारने २०२२ च्या नवरात्रात १८ वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीसाठी ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ हे अभियान सुरू केलं. (नावातही बाईची तब्येत घरासाठीच, असो.) अशी शिबिरं आपल्या भागात लागली की आशाताईंना विचारा. त्यांना तारखा माहीत असतात.

सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणं

मुलाच्या डब्यात पनीर, नवऱ्याच्या डब्यात उसळ, स्वतःसाठी कालची भाजी आणि उरलेल्या दोन पोळ्या. सकाळी उभ्या-उभ्या चहा-खारी. असं खाऊन दुपारी डोळे मिटायला लागणारच.

भारतीय शिफारस दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम, आणि अंगावर पाजत असेल तर त्याहून जास्त. दोन पोळ्यांत सहा-एक ग्रॅम येतात. एका अंड्यात सहा, घट्ट वरणाच्या किंवा मटकीच्या उसळीच्या वाटीत सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात, ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊच्या आसपास. हिशोब करून बघा, चहा-खारी आणि पोळी-भाजीवर दिवस काढला तर विशीही गाठत नाही.

सोपा तोडगा असा की सकाळी डबे भरताना पहिला डबा स्वतःचा भरायचा. भांड्यात सगळं शिल्लक असताना भरलेल्या डब्यात उसळ नीट येते. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये फुटाणे-शेंगदाण्यांची बरणी ठेवा, चारच्या चहाबरोबर बिस्किटाऐवजी तीच. गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपास धरत असाल तर साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतात हे लक्षात घ्या. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. त्या दिवशी सोबत दही, ताक, दूध वाढवा. आणि रक्त कमी असेल तर काही महिने उपास सोडायला देवाची हरकत नसावी.

पाणी न पिता घराबाहेर पडणं

दीड तासाचा प्रवास, स्टेशनवरचं शौचालय बघवत नाही, ऑफिसात मीटिंग लांबते. म्हणून पाणीच प्यायचं नाही. हा बायकांनी शोधलेला उपाय आहे, आणि तो का शोधावा लागला हे मुंबईत २०११ पासून चाललेल्या ‘राइट टू पी’ या बायकांच्या सार्वजनिक शौचालयांसाठीच्या चळवळीने पुरेसं मांडलं आहे. शौचालयं नसणं ही बाईची चूक नाही. पण जळजळ, वारंवार लागणं, ओटीपोटात दुखणं हे भोगावं तिलाच लागतं, म्हणून निदान हातात असलेलं करू. ऑफिसात पोचल्यावर पाणी पिऊन घ्या आणि निघण्याआधीच्या तासात कमी करा, म्हणजे प्रवासात अडचण येत नाही. दर तीन-चार तासांनी उठायचंच. जळजळीबरोबर ताप किंवा कंबरेच्या बाजूला कळ असेल तर सोडा घालून लिंबूपाणी पीत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे.

शिंकताना, हसताना, बस पकडायला धावताना दोन थेंब निसटतात हे तर बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. बाळंतपणानंतर हे खूप जणींना होतं आणि बऱ्याच जणींचं व्यायामाने सुधारतं. लघवी आणि वारा दोन्ही रोखून धरल्यासारखे खालचे स्नायू आत ओढायचे, पाच ते दहा सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सोडायचे. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लोकलमध्ये उभ्यानेही होतं, कुणाला कळत नाही. लघवी करताना मात्र हा सराव करू नये. फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्टकडे जा.

व्यायाम करायचा तर तासभर, नाहीतर नाहीच

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम सांगते. ती १५० मिनिटं तुकड्या-तुकड्यांनी मोजली तरी चालतात. रिक्षा एक थांबा आधी सोडणं, जेवणानंतर दहा मिनिटं गच्चीवर, हे सगळं धरा. झाडू-पोछा हाही शरीराला चालनाच देतो, पण पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू त्याने भक्कम होत नाहीत. त्यासाठी खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठ-बस, भिंतीला हात टेकवून दंड, एवढंही सुरुवातीला पुरतं.

कंबरदुखीचा दोष आपल्याकडे सर्रास सिझेरियनच्या ‘पाठीतल्या इंजेक्शनला’ दिला जातो. सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते, हे खरं. वर्षानुवर्षांची कंबरदुखी मात्र त्या सुईमुळे येत नाही. ती येते सैल पडलेल्या पोटाच्या स्नायूंमुळे, वाकून बाळ उचलण्यामुळे, कंबरेवर एकाच बाजूला मूल घेण्यामुळे. इंजेक्शनला दोष दिला की करण्यासारखं काही उरत नाही. स्नायूंना दिला तर उरतं.

मनाचं दुखणं ‘हार्मोन्स’ म्हणून सोडून देणं

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येतं, ते बहुतेक वेळा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, बाळ झोपलं तरी आईला झोप लागेना, आवडत्या गोष्टींत मन रमेना, ‘मी वाईट आई आहे’ हेच डोक्यात फिरत राहिलं, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. ते वर्षभरात कधीही सुरू होऊ शकतं, रजा संपून कामावर रुजू झाल्यावरही. अंगावर पाजणाऱ्या आईला चालणारी औषधं आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा होण्याचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्या आईला एकटं सोडू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात न्या.

ऑफिसकडे काहीच न मागणं

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली सुधारणा झाली. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, बाळंतपणाआधीच्या वर्षात ८० दिवस काम केलेलं असलं तर. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय द्यायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर दोघांच्या संमतीने घरून काम. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम ठेवल्या आहेत. तरी कित्येक जणी स्वच्छतागृहात उभं राहून दूध काढतात, कारण बंद दाराची एक खोली मागणं अवघड वाटतं.

मागायचं ते ई-मेलवर मागा. कॉरिडॉरमध्ये ‘बघू हं’ मिळतं, लेखी मागणीला लेखी उत्तर द्यावं लागतं. ‘मला जमत नाहीये’ असं लिहू नका, नेमकं लिहा : ‘दुपारी १२ आणि ४ वाजता प्रत्येकी वीस मिनिटं, दार बंद होणारी खोली आणि फ्रीजची सोय हवी आहे.’

रजेवरून परत येताना एक साधी युक्ती करता येते, गुरुवारी रुजू व्हा. पहिला आठवडा दोन दिवसांत संपतो, पाळणाघरात काय बिनसलं ते शनिवार-रविवारी नीट करता येतं. त्याआधी आठ-दहा दिवस मुलाला थोडा थोडा वेळ पाळणाघरात ठेवून पाहिलेलं असावं. आणि घरून काम मिळालं म्हणून मूल मांडीवर घेऊन काम करू नका. त्यात मूलही रडतं, कामही रखडतं, आणि ‘घरीच तर असतेस’ म्हणणाऱ्यांना आयतं निमित्त मिळतं.

सगळं बसवलं, आणि मावशींनी सुट्टी घेतली

असा आठवडा येणारच. मावशी गावाला, मुलाला ताप, मार्चअखेरचं काम. त्या आठवड्यापुरती यादी तीन ओळींची करा : झोप, औषधं, जेवण. खिचडी-पापड रोज चालतो, कपड्यांच्या घड्या घातल्या नाहीत तरी चालतात. व्यायाम, वाचन, पार्लर हे त्या यादीत नाहीत, त्यामुळे ते चुकल्याचं वाईट वाटून घ्यायचंही कारण नाही.

तापाची रजा कुणाची, हा वाद सकाळी सात वाजता थर्मामीटर हातात धरून घालू नका. तेव्हा रजा नेहमी आईचीच पडते. आज, मूल ठणठणीत असताना ठरवा. महिन्याच्या १ ते १५ तारखेत ताप आला तर बाबाची, १६ पासून आईची. दोघांच्या ऑफिसांतल्या न टळणाऱ्या तारखा आधीच कॅलेंडरवर लाल करून ठेवा, आणि त्या दिवशी बोलवायच्या तिसऱ्या माणसाचा नंबर त्याच कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहा.